चौकटीतला एकच बाण

पाणीपुरवठा कंपनीची ती इमारत सात मजली, माणसं साडेचार हजार, आणि नळाला पाणी फक्त तळमजल्यावर आणि साहेबांच्या सातव्या मजल्यावर. यावर पूर्वी लोक हसायचे. आता नवीन लागलेला माणूसच काय तो हसतो, तोही आठवडाभर.

या इमारतीत फुटका पाइप बदलायचा हुकूम तक्रारीच्या खिडकीतून निघून खोदाईच्या टोळीच्या हाती पडायला एकोणीस दिवस लागत. एकोणीस! तेवढ्यात माणूस स्वतःची विहीर खणून मोकळा होईल. फाइल आधी पाहणी विभागात जायची, तिथून सामानाच्या गोदामात, गोदामातून तपासणीला, तपासणीतून अधीक्षकांकडे, आणि मग कुठे टोळीचा मुकादम कुदळीला हात लावायचा.

तपासणी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातलं एक टेबल आणि टेबलामागे शिक्केकाका. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या यादीत तेवढं उरलेलं. बावीस वर्षं तोच माणूस, तीच खुर्ची आणि ‘तपासले’ असा तोच गोल शिक्का. नाकासमोर चालणारा माणूस, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली.

मोठ्या साहेबांना एकोणिसाचे नऊ दिवस करून हवे होते. त्यासाठी त्यांनी एक बाई नेमल्या. सहा महिने काम बघायचं, पटलं तर कायम करायचं, अशी बोली. बाई वयानं काकांच्या मुलीएवढ्या. काम काय, तर कंपनीत कोण काय करतं ते भिंतीएवढ्या कागदावर मांडायचं. प्रत्येक कामाचा एक डबा. डब्यातून डब्यात जाणारा बाण. आणि जिथे कुणीतरी काहीतरी ठरवतं तिथे पत्त्यांतल्यासारखी चौकट. तिच्यातून दोन बाण बाहेर, एक ‘हो’चा आणि एक ‘नाही’चा. मांडून झालं की फालतू डबे पुसायचे आणि उरलेले जवळ आणायचे. आठ दिवसांत सगळी इमारत त्यांना बाणवाल्या बाई म्हणायला लागली, तेही तोंडावर. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. कामच ते होतं.

सोमवारी बाई वही घेऊन काकांसमोर बसल्या.

“काका, फाइल आली की तुम्ही काय करता?”

“बघतो.”

“मग?”

“शिक्का मारतो.”

“आणि चुकलेली असली तर?”

काकांनी थोडा विचार केला. “शिक्का मारतो तेव्हा चुकलेली नसते,” ते म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि परत पाठवलेल्या फायलींची वही मागितली. काकांनी दिली. वही नवीकोरी होती, वीस वर्षं जुनी असून. बाईंनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मधलंच एक उघडलं. सगळीकडे रेघा आखलेल्या, अक्षर एक नाही.

“एकही फाइल परत गेली नाही?”

“नाही.”

“बावीस वर्षांत?”

“पहिली दोन वर्षं वही मिळालीच नव्हती,” काका म्हणाले, “पण तेव्हाही नाही.”

मग बाई बाकीच्यांना विचारत फिरल्या. लोकांनी काकांची स्तुती केली, अगदी मनापासून. गोदामवाला म्हणाला, देवमाणूस, कधी फाइल अडवली नाही. अधीक्षक म्हणाले, असा माणूस शोधून सापडायचा नाही, तक्रारीला जागाच नाही. पाहणीतले उपअभियंता, ज्यांना त्यांच्या तोंडामुळे सगळे फटाकेसाहेब म्हणत, तेसुद्धा म्हणाले, “तो? तो काही करत नाही. बरा आहे.” प्रत्येक जण काकांचं भलं करायला गेला आणि प्रत्येकानं एकेक खिळा ठोकला.

आता खरी गोष्ट मला सांगायला हवी, कारण काका मेले तरी सांगायचे नाहीत.

या कंपनीत फाइल परत पाठवायची म्हणजे तिला लाल चिठ्ठी लावायची. लाल चिठ्ठी लागली की ती फाइल उलट्या वाटेनं सगळ्यांच्या सह्या घेत परत जाते, त्यात आठ दिवस जातात. आणि ज्याची चूक त्याच्या वर्षाच्या अहवालात तिची नोंद होते. काका कारकून होते तेव्हा त्यांच्या अगोदरच्या तपासनीसानं त्यांना अशीच एक चिठ्ठी लावली होती, तारखेतला आकडा गिचमिड आला म्हणून. त्यापायी बढती चार वर्षं लटकली. पुढे तीच खुर्ची काकांना मिळाली, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की आपल्या हातून कुणाला लाल चिठ्ठी जायची नाही. मग चूक दिसली की काका काय करत? फाइल काखेत मारत आणि जिने चढत. ज्याची चूक त्याच्या टेबलाशी जाऊन हळूच म्हणत, “इथे जरा बघता का?” तो बघे, जीभ चावे आणि आकडा सुधारून देई. दहा मिनिटांचं काम. मग काका खाली येऊन शिक्का मारत. दिवसाला तीन-चार वेळा तरी वर-खाली होई. बावीस वर्षांत गुडघे गेले, पण वही कोरी राहिली.

मंगळवारी बाई पुन्हा आल्या. या वेळी वही नव्हती.

“काका, शुक्रवारी मोठ्या साहेबांपुढे मांडणी आहे. तुमची चौकट मी राखाडी केली आहे.”

“राखाडी म्हणजे?”

“म्हणजे पुसायची.” बाईंना ते बोलणं जड जात होतं, ते दिसत होतं. “चौकटीतून दोन बाण निघायला हवेत. तुमच्यातून एकच निघतो. ‘नाही’ कधी येतच नसेल तर तिथे काही ठरतच नाही. फाइल नुसती थांबते.”

“मग मी कुठे जाणार?”

“तळघरात. जुने कागद स्कॅन करायचे आहेत, त्यांच्या पिना काढायला माणूस हवाय.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “गुरुवार संध्याकाळपर्यंत एक फाइल परत पाठवा. एकच. रीतसर लाल चिठ्ठी लावून. मी लगेच बाण काढते.”

काकांना पिनांचं दुःख नव्हतं. पिना काय, कुणीतरी काढायलाच हव्यात. पण ‘तिथे काही ठरतच नाही’ हे त्यांच्या जिव्हारी लागलं. म्हणजे बावीस वर्षं आपण नुसते दारात उभे होतो की काय? घरी जाईपर्यंत तेच एक वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“एक फाइल परत पाठवायला काय जातंय तुमचं?”

“सवय नाही.”

“सवय कुठून असणार! माझ्या भावानं तीन महिने राहू का म्हणून विचारलं, तर तुम्ही हो म्हणालात.”

“मग नाही म्हणायला हवं होतं?”

“हवं होतं. सराव तरी झाला असता.”

बुधवारी सकाळी काकांनी खणातून लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. वरच्या चार उंदरांनी खाल्लेल्या निघाल्या, पाचवी चांगली होती.

अकराच्या सुमारास चूक सापडली. नकाशात चार इंची पाइप आणि गोदामवाल्यानं मंजूर केलेला सहा इंची. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि तारीखही घातली. मग आठवलं की पुढच्या आठवड्यात गोदामवाल्याची बढतीची मुलाखत आहे. माणूस महिनाभर नियमांचं पुस्तक घेऊन फिरत होता, जेवतानासुद्धा. काकांनी टोपण लावलं आणि तळमजल्यावर गेले. गोदामवाला म्हणाला, “अरे देवा! काका, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?” काका म्हणाले, “तेच बघायचंय शुक्रवारी.” गोदामवाल्याला त्यातलं काही कळलं नाही.

दुपारी फटाकेसाहेबांची फाइल आली. आणि हिच्यात चूक नव्हती, घोडचूक होती. बंद करायचा व्हॉल्व्ह दोनशे एकेचाळीस, लिहिला होता दोनशे चौदा. दोनशे चौदा बंद केला असता तर बाळंतपणाच्या इस्पितळाचं पाणी गेलं असतं. काकांना बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर आनंदच झाला. या माणसानं भर कॅन्टीनमध्ये त्यांना ‘चालता-बोलता शिक्का’ म्हटलं होतं आणि चौदा जण हसले होते. काकांनी चिठ्ठी पूर्ण लिहिली, नाव, हुद्दा, चूक, सगळं. अक्षरही छान आलं. फाइल ‘परत’च्या ट्रेमध्ये ठेवणार, तेवढ्यात वरच्या अर्जावर नजर गेली. पाइप फुटलेल्या गल्लीत चार दिवस पाणी नव्हतं. आठ दिवस फाइल उलटी फिरणार, म्हणजे कमीत कमी बारा. बारा दिवस बायामाणसांनी बादल्या वाहायच्या, कशासाठी, तर काकांना एक बाण हवा म्हणून.

“घाला तो बाण चुलीत,” काका मोठ्यानं म्हणाले आणि पाचव्या मजल्यावर गेले.

फटाकेसाहेबांनी आकडा पाहिला. कान लाल झाले. “आता तुम्ही मला काम शिकवणार का?” ते म्हणाले आणि सुधारून दिलं. आभार मानायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

गुरुवारी सगळं ऑफिस जसं काही शुद्धीवर येऊन कामाला बसलेलं. एकवीस फायली आल्या, एकवीसही बरोबर. काकांनी प्रत्येक दोनदा तपासली. एक स्वल्पविराम चुकलेला मिळाला, पण त्यासाठी कुणाचा अहवाल काळा करायचा, एवढं त्यांचं मन अजून नासलं नव्हतं.

चार वाजता बाविसावी फाइल आली. वर लिहिलं होतं, ‘कामाची नवीन पद्धत, तपासणीसाठी’. नियमच होता तसा, कंपनीत नवीन काही सुरू करायचं तर कागद तपासणीतून जायला हवा. बाई नियमानं वागणाऱ्या. काकांना पुसायचा कागद त्यांनी काकांकडेच तपासायला पाठवला होता.

काकांनी नकाशा टेबलावर पसरला. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि तक्रारीच्या खिडकीवर बोट ठेवून निघाले. नकाशा सुरेख होता. दोन सह्या गेलेल्या, तीन फेरे वाचलेले, गोदाम आणि पाहणी एकाच वेळी कामाला लावलेली. पोरगी हुशार आहे, काकांना वाटलं, आणि वाटून अभिमानही वाटला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गोदामातून बाण सरळ अधीक्षकांकडे जात होता. मध्ये जिथे काका असायचे तिथे कागद पांढरा होता. काकांचं बोट तिथे जरासं थांबलं आणि पुढे गेलं.

शेवटच्या चौकटीशी मात्र ते पुन्हा थांबलं. ‘काम पूर्ण झालं का?’ ‘नाही’चा बाण तक्रारीच्या खिडकीकडे परत. बरोबर. ‘हो’चा बाण? तोही तक्रारीच्या खिडकीकडे. काका पुन्हा पहिल्यापासून फिरून आले. परत तिथेच. म्हणजे पाइप बदलून झाला की त्याचीच नवीन तक्रार होणार, टोळी येणार, तोच खड्डा खणणार, बुजवणार, आणि पुन्हा तक्रार. काही गल्ल्यांत आजही असंच चालतं, नाही असं नाही, पण ते कुणी नकाशात काढून मोठ्या साहेबांपुढे ठेवलेलं नव्हतं.

चूक होती, मोठी होती आणि लेखी होती. कुणाच्या नळाचं पाणी अडणार नव्हतं. लाल चिठ्ठी लावायची, वहीत नोंद करायची, की झालं. एक फाइल परत. बाईंनी स्वतः सांगितलेलं. काकांनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच वाजले होते, वेळ होती. मग त्यांना बाईंचे सहा महिने आठवले. पाच सरले होते. लाल चिठ्ठी लागलेल्या माणसाला या कंपनीनं आजवर कायम केलेलं नव्हतं.

काका दहा मिनिटं तसेच बसून राहिले. त्यांना स्वतःचा राग आला, बाईंचा आला, उंदरांनी सगळाच गठ्ठा का नाही खाल्ला म्हणून उंदरांचाही आला. मग त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि सहाव्या मजल्यावर गेले.

“इथे जरा बघता का?” ते म्हणाले.

बाईंनी पाहिलं. तोंडावरचा रंग उडाला. दोन मिनिटांत त्यांनी बाण खोडला, ‘काम संपलं’ असा डबा काढला आणि बाण त्याला जोडला. मग त्या काकांकडे बघत राहिल्या.

“काका, तुम्ही रोज हेच करता?”

काकांनी खिशातून शिक्का काढला.

“ही फाइल तुम्ही परत पाठवायला हवी होती.”

“आता काय पाठवणार,” काका म्हणाले. “आता बरोबर आहे.” आणि तिथेच बाईंच्या टेबलावर त्यांनी शिक्का मारला.

शुक्रवारी सातव्या मजल्यावर भिंतभर दोन नकाशे लावलेले, जुन्या पद्धतीचा आणि नव्या पद्धतीचा. मोठे साहेब मध्ये, दोन्ही बाजूंना विभागांची माणसं, दाराजवळच्या खुर्चीत काका. साहेब जुना नकाशा बघत बघत राखाडी चौकटीशी आले.

“बावीस वर्षांत परत गेलेल्या फायली शून्य. मग हे ठेवायचं कशाला?”

“शून्य नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “एक आहे. काल. माझी.”

आणि त्यांनी सांगून टाकलं. बाण कुठे चुकला होता, काय झालं असतं, काका जिने चढून कसे आले, काहीही न लिहिता कसे गेले. “हे असं रोज चालत असणार,” त्या म्हणाल्या. “वहीत येत नाही, म्हणून माझ्या नकाशातही आलं नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे आज माझ्यापुढे येणारा नकाशा कालपर्यंत चुकलेला होता?”

“हो.”

साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मग टेबलाभोवती नजर फिरवली. “आणखी कुणाची फाइल यांनी अशी दुरुस्त करून घेतली आहे?”

गोदामवाला बुटांकडे बघू लागला. त्याची मुलाखत चार दिवसांवर होती. फटाकेसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. टेबलाभोवती अकरा माणसं होती आणि अकराही जणांच्या चुका काकांना तारीखवार पाठ होत्या. त्यांनी एकाकडेही पाहिलं नाही.

“मग चूक एकट्या बाईंचीच,” साहेब म्हणाले आणि पेन पुन्हा कागदाला टेकवलं.

काका उभे राहिले. गुडघा कट्कन वाजला, सगळ्यांना ऐकू गेला.

“साहेब, चूक त्यांची नाही. माझी,” काका म्हणाले. “काम संपल्यावर फाइल कुठे जाते असं त्यांनी सोमवारी विचारलं, तेव्हा मीच चुकीचं सांगितलं. त्यांनी सांगितलं तसं काढलं. काल लक्षात आलं, म्हणून माझी चूक मी निस्तरायला गेलो. पोरीला वाटलं मी उपकार केले.”

“काका!” बाई ओरडल्याच.

“वयानं होतं असं,” काका साहेबांना म्हणाले.

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. खोडल्याचा आवाज काकांनी नीट ऐकला. “मग तर प्रश्नच मिटला,” साहेब म्हणाले आणि राखाडी चौकटीवर स्वतःच्या हातानं फुली मारली.

बाहेर जिन्यात बाईंनी काकांना गाठलं. त्या रडत होत्या आणि चिडल्याही होत्या. “एकच पुरावा होता तुमच्या बाजूचा! तोही तुम्ही पुसलात! खोटं बोललात!”

“बोललो,” काका म्हणाले. “रीतसर लिहून द्यायचं असेल तर देतो.” मग एक पायरी उतरून म्हणाले, “तिथे उभं राहून स्वतःची चूक सांगितलीत. बावीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. मला पुरे आहे तेवढं.” आणि त्यांचेही डोळे भरून आले. ते लपवायला जागा नव्हती, जिना अरुंद होता.

सोमवारपासून काका तळघरात पिना काढू लागले. एकोणीस दिवसांचे नऊ झाले, नंतर आठ. बाई कायम झाल्या. मोठ्या साहेबांनी नवीन नकाशा काचेच्या चौकटीत घालून दारात लावला. बघणाऱ्यांना एकच आश्चर्य वाटायचं, की तपासणी काढूनही चुका कशा होत नाहीत. साहेब म्हणायचे, पद्धत चांगली असली की माणसं आपोआप नीट वागतात.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गोदामवाला तळघरात आला होता, काखेत फाइल घेऊन. “काका, जाता जाता जरा बघता का?” तळघर कुणाच्याच जाता जाता लागत नाही, पण काकांनी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी तिघं आले, नंतर अधीक्षकांचा माणूस. बाई आठवड्यातून दोनदा येत, स्टूल ओढून समोर बसत आणि काकांचं बोट बाणांवरून फिरून येईपर्यंत पिना काढत. एकदा त्यांनी विचारलं, “काका, हे नकाशात घालू?” काका म्हणाले, “नको. मग वही ठेवावी लागेल.”

फटाकेसाहेब मात्र आले नव्हते. ते दोन महिन्यांनी आले. एका दुपारी दारात उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, खोलीत दुसरं कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि फाइल टेबलावर ठेवली. नजर छताकडे.

काकांनी पिना बाजूला सारल्या आणि फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. व्हॉल्व्ह, पाइप, गल्ली, सगळं चोख होतं.

“बरोबर आहे,” काका म्हणाले.

फटाकेसाहेब हलले नाहीत. “नीट बघा,” ते म्हणाले.

तेव्हा काकांनी त्यांना बसायला स्टूल दिलं, चष्मा पुसला, पहिल्या पानावर पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि बरोबर असलेली ती फाइल पुन्हा पहिल्यापासून तपासली. चांगली दहा मिनिटं. माणूस पाच मजले उतरून आला होता.